कुठल्याच शाळेचा नसलेला गणवेश

बारशाच्या दिवशी, त्यातून रविवारी, पोरीला गणवेश घालायचं काही कारण नव्हतं. पण चनबसाप्पांनी सकाळीच फर्मान काढलं होतं, आणि गडमुडशिंगीच्या त्या घरात आप्पांच्या फर्मानाला "का?" विचारायची पद्धत अजून पडलेली नव्हती.

"कुरुंदवाडची माणसं येणार हायती. बघू देत की जरा," एवढंच ते म्हणाले.

धाकट्या लेकाच्या, सोमेशच्या बाळाच्या गळ्यात जंगम स्वामी रिवाजाप्रमाणे लिंग बांधून गेले, पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या, पुढचा सोपा जरीच्या पदरांनी भरून गेला, आणि त्यात थोरल्याची आठ वर्षांची विद्याश्री मरून पिनाफोर, पट्टेरी टाय आणि पांढरेशुभ्र मोजे घालून हळदीकुंकवाचं ताट फिरवत होती. गणवेश झकास होता. त्यात एकच खोट होती. तो कुठल्याच शाळेचा नव्हता.

ही अक्कल आप्पांचीच. दिवाळीपर्यंत विद्या गावातल्या शाळेत तिसरीला होती. तिसरीचं गणित तिनं पहिल्या महिन्यातच संपवलं, मग चुलतमामाची सातवीची पुस्तकं आणून तीही संपवली. वर्गात बाईंनी विचारायच्या आधी तिचं उत्तर तयार. बाई वाईट नव्हत्या, पण पन्नास पोरं सांभाळायची म्हणजे कुणाला तरी गप्प बसवावंच लागतं. त्यांनी विद्याला तोंडावर बोट ठेवून बसायला सांगितलं. पोर इतकी आज्ञाधारक, की ती घरीही बोलेनाशी झाली. मग सकाळी शाळेची वेळ झाली की उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी तिची आई सौंदर्या आणि बाप प्रभुलिंग यांनी मिळून ठरवलं, शाळा बंद. घरी शिकवायचं आणि पुढं मुक्त शाळेच्या परीक्षेला बसवायचं.

ठरवलं खरं, पण सौंदर्या कोल्हापुरात एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर आणि प्रभुलिंग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, कधी या पाळीला तर कधी त्या. पोरीला दिवसा कुणाजवळ ठेवायचं?

आणि आप्पांची अडचण निराळीच होती. सारी हयात शाळा समितीवर राहून हा माणूस दारोदार फिरला होता. "पोरगी घरात ठिवलीसा तर माझ्याशी गाठ हाय," असं उंबऱ्यात उभं राहून त्यांनी किती जणांना दरडावलं असेल. आता त्यांचीच नात घरात बसणार? त्यांनी गावात उठवून दिलं, की विद्याला शहरातल्या मोठ्या इंग्रजी शाळेत घातलंय. महाद्वार रोडवर कापड घेतलं. शिंप्यानं विचारलं, "कंच्या शाळंचा ओ, आण्णा?" तर म्हणाले, "तू शिव. बिल्ला मागनं लावतो."

तेव्हापासून रोज सकाळी विद्या गणवेश घालून, दप्तर अडकवून, साऱ्या गल्लीदेखत अज्जाच्या, म्हणजे आप्पांच्या, गाडीत बसे आणि मार्केट यार्डात त्यांच्या गुळाच्या अडतीवर जाई. तिथं माळ्यावर, गुळाच्या ढेपांच्या वर, आईनं लावून दिलेले धडे एकटी करत बसे. संध्याकाळी परत. कुणी शाळेचं नाव विचारलं, बिल्ल्याचं विचारलं, तर काय सांगायचं ते आप्पांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. लोक आप्पांना थांबवून म्हणत, "नातीनं नाव काढलं तुमच्या." आणि आप्पा, खरं सांगायचं तर, खूश व्हायला लागले होते. लाज त्यांना तेव्हाच वाटायला हवी होती.

स्वयंपाकघरात हुग्गीचं पातेलं चुलीवर होतं. आप्पांच्या पत्नी शांतव्वा गव्हाच्या खिरीत गूळ ढवळत होत्या आणि सौंदर्या त्यांच्याजवळ पाट ओढून वेलची कुटत होती. तिला आजच बोलायचं होतं.

"अव्वा, उद्या ह्यांना कंपनीत पक्कं सांगायचंय. कायमची दुपारपाळी मागितलीया त्यांनी. बढती सोडून. म्हणजे सकाळी हे शिकवतील, रात्री मी. मधली दुपार तेवढी तुम्ही..."

"मला चौथीच्या म्होरं काय येतंय?" शांतव्वा ढवळता ढवळता म्हणाल्या.

"शिकवायचं न्हाय ओ. नुसतं जवळ बसायचं. पण उघड. आपल्या घरात, आपल्या दारात. माळ्यावर न्हाय."

पलीकडं बाळाला पदराखाली घेऊन बसलेली धाकटी जाऊ स्वप्नाली फणकारली. "वैनी, आज हा विषय नको. माझ्या माहेरची माणसं आल्यात. मी त्यांना सांगून बसलोय, पुतणी इंग्रजी शाळेत हाय म्हणून. आता घरी बसवलीया म्हटलं की काय समजतील? पोरीत काय खोट हाय असंच म्हणणार की."

"खोट पोरीत न्हाय."

"मला म्हाईत हाय. लोकास्नी म्हाईत हाय का?"

सौंदर्या वेलची कुटत राहिली, कारण स्वप्नाली बोलली त्यात एकही चूक तिला काढता येत नव्हती. रोज सकाळी लेकीच्या टायची गाठ ती स्वतःच्या हातानं मारत होती. गाडी वळणाआड गेली की स्कूटरवर बसून लॅबला जायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात दोष शोधायचे, आणि तिथल्या मैत्रिणींनी विचारलं की "हो, रुळली नवीन शाळेत" म्हणून सांगायचं. नवऱ्याच्या बापाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही, हे तर होतंच. पण पोरगी दिवसभर कुठंतरी सुरक्षित आहे, एवढ्यावर आपण भागवून घेतलं, हे तिला जास्त लागत होतं.

शांतव्वांनी हुग्गी चाखली आणि दोघींकडं न बघता म्हणाल्या, "आज जेवणं होऊ देत. मग बघू."

म्हणजे त्या कुणाच्याच बाजूनं नव्हत्या. निदान अजून तरी.

सोप्यात शांतव्वांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, कुरुंदवाडचे गुरुपाद सर, लोडाला टेकून बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक. पोरगं समोर दिसलं की त्याला काहीतरी विचारल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे. आप्पांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून सकाळी त्यांनी विद्याला बाजूला घेऊन समज दिली होती. "सरांसमोर लई शाणपणा करायचा न्हाय. तिसरीच्या पोरीला येतंय तेवढंच यायचं. न्हायतर कोण शिकवतंय, कंच्या मास्तरीणबाई हायती, विचारत बसतील." विद्यानं मान डोलावली होती.

"या या, कॉन्व्हेंटच्या बाईसाहेब!" सरांनी हाक मारली. "कुठली शाळा ही? बिल्ला दिसत न्हाय."

"धुवायला काढलाय," आप्पा घाईनं म्हणाले. गणवेश अंगावर ठेवून नुसता बिल्ला काढून कोण धुतं, हे सरांनी विचारलं नाही. विद्या नेहमीसारखी अज्जाच्या मांडीला खेटून बसली आणि तिनं आपला हात त्यांच्या उपरण्याखाली सरकवला.

हा त्या दोघांचा खेळ होता. आप्पा तरुण होते तेव्हा व्यापारी रुमालाखाली हात धरून भाव करत. तोंडानं कुणी आकडा उच्चारायचा नाही. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा धरून वर एक बोट दाबलं की सहा. भोवतीच्यांना पत्ता लागत नसे. आता सौदे उघड होतात, पण दुपारी दुकानात शांत झालं की आप्पा माळ्यावर चढत आणि उपरण्याखाली नातीबरोबर असे भाव करत बसत. त्या माळ्यावर पोरगी हसायची ती तेवढ्या वेळच.

"सांग बघू," सर म्हणाले, "चोवीस अन् अडोतीस किती?"

विद्या वर बघून थोडी घुटमळली. ओठ हलवले. मग म्हणाली, "बावन्न."

सोप्यात हशा पिकला. सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "हातचा इसरली! एवढी फी भरून हातचा इसरायला शिकवत्यात व्हय?"

आप्पाही हसले. हसता हसता त्यांना उपरण्याखाली पंजा दाबलेला जाणवला, वर एक बोट. सहा. जरा थांबून दोन बोटं. दोन.

बासष्ट.

त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. पोर नुसती चुकली नव्हती. तिसरीतलं पोर नेमकं जिथं चुकतं, तिथं चुकली होती.

"बरं, पाढे तरी? सतरा आठे?"

"तेवढं येत न्हाय आमाला," विद्या खाली बघून म्हणाली. उपरण्याखाली एक बोट. मग तीन. मग पंजा आणि एक.

स्वप्नालीचे वडील कौतुकानं नव्हे, कीव केल्यासारखे म्हणाले, "असू दे. पोरीची जात. येईल हळूहळू." सरांनी तर आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चनबसाप्पा, राग मानू नका. पोरीकडं जरा लक्ष द्या. कमी हाय ती."

याच वेळी बोलायला हवं होतं. आप्पांना ते कळत होतं. तोंड उघडून म्हणायचं, की सर, कमी ती नव्हे, कमी मी. भरल्या घरात एवढे चार शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण समोर व्याही बसले होते, कुरुंदवाड बसलं होतं, आणि आप्पांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "व्हय, देतो लक्ष."

त्यांच्या तळहातात अजूनही ते छोटं बोट होतं. ते त्यांनी अलगद सोडवून बाजूला केलं, आणि असं केल्याची त्यांना बाकी सगळ्याहून जास्त लाज वाटली.

पाहुणे पांगले तसे आप्पा परड्यात हात धुवायला गेले. प्रभुलिंग तिथं केळीची पानं गोळा करत होता. शांतव्वा खरकटी भांडी घेऊन आल्या. विद्या मागोमाग पळत आली, टाय सैल झालेला, तोंडाला हुग्गी लागलेली.

"अज्जा," ती दबक्या आवाजात म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना आलं. "नीट चुकलो न्हवं मी?"

आप्पा ओले हात उपरण्याला पुसत राहिले.

"बावन्नच्या जागी साठ म्हणणार होतो. पण तसं कुणी चुकत न्हाय. हातचा इसरला की बावन्नच येतंय. म्हणून." शाबासकीची वाट बघत ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पाळण्याजवळ कुणीतरी हाक मारली म्हणून पळाली.

प्रभुलिंगनं हातातली पानं खाली ठेवली. कारखान्यात आलेला प्रत्येक भाग मोजमापाला लावून, केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढणारा हा माणूस. घरात मात्र बापानं जे पुढं केलं ते त्यानं कधी तपासलं नव्हतं. लहानपणापासूनच नाही. "आप्पा, सरांसमोर बसून ऐकलासा तुम्ही सगळं?"

"ऐकलं."

"अन् गप्प बसलासा."

"तू कुठं हुतास? तू पण दारातच उभा हुतास की!" आप्पांचा आवाज चढला, पण त्यात जोर नव्हता. प्रभुलिंग दारातच उभा होता, हे खरंच होतं. दोघंही खाली बघायला लागले.

आवाज ऐकून सोमेश आला, सौंदर्या आली, बाळ खांद्यावर घेऊन स्वप्नालीही आली. सोमेश म्हणाला, "हळू बोला, व्याही ओट्यावर हायती. आता झालं ते झालं. जूनपतूर हे असंच चालू द्या, मग कुठल्या तरी खऱ्या शाळेत घालू."

"न्हाय," शांतव्वा म्हणाल्या.

त्या घरात शांतव्वांचं 'नाही' इतकं क्वचित ऐकू येई, की सोमेशला आधी ते कळलंच नाही.

"मला चौथीतनं काढली," त्या भांडं खाली ठेवत म्हणाल्या, "तवा निदान कुणी शाळंत जाती म्हणून सांगितलं न्हाय. घरी हाय म्हणाले, घरीच हुतो. ह्या पोरीला तुम्ही शाणी असायची लाज शिकवलीसा. उद्यापासनं ती माझ्याजवळ बसंल. ह्या सोप्यात, दार उघडं टाकून. प्रभू, तू कंपनीत सांग."

सगळ्यांनी स्वप्नालीकडं पाहिलं. तिचीच माणसं बाहेर बसली होती. ती बाळाला थोपटत राहिली, मग कुरकुरल्यासारखी म्हणाली, "माझ्या बाबांनी पोरीची जात म्हटलं न्हवं आता? मला पण लागलं ते. त्यांना मी सांगतो काय ते. पण आज न्हाय. गेल्यावर, फोनवर."

तेवढ्यात तेवढं. सौंदर्यानं सासऱ्यांकडं पाहिलं. ती कधी त्यांच्याशी नजर मिळवून बोलली नव्हती. "आप्पा, घरात ठेवू, पण गावात कोण सांगणार?"

"मी," आप्पा म्हणाले. "उठवलं मी, सांगणार बी मीच."

कुरुंदवाडची गाडी निघाली तेव्हा गुरुपाद सरांनी विद्याच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि "अभ्यास कर हं, बाळ," म्हणाले. गाडी सुरू व्हायला दोन-तीनदा खोळंबली. तेवढ्यातही आप्पांना सांगता आलं असतं. ते हात हलवत उभे राहिले.

सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला आप्पांनी नातीला साधा फ्रॉक घालायला लावला आणि तिचं बोट धरून तिला चौकातून चालवत नेलं. गाडी नाही, दप्तर नाही. वाक्य त्यांनी रात्रभर घोळवून पाठ केलं होतं. पहिला जो विचारेल त्याला सांगायचं, मग सुटलं.

पहिली भेटली ती झुंबरबाई. डेअरीवर दूध घालून किटली हलवत येत होती. हिच्याच नातीला, तेजस्वीला, धाकटं भावंड सांभाळायला घरी ठेवलं होतं, तेव्हा आप्पांनी दारात उभं राहून हिला चारचौघांत वाट्टेल ते ऐकवलं होतं. त्यानंतर तेजस्वी शाळेत जायला लागली ती आजवर एक दिवस चुकली नव्हती.

"काय ओ आप्पा, नातीला आज शाळा न्हाय व्हय?"

आप्पांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधीच विद्या बोलली.

"पोटात दुखतंय माझ्या." तिनं पोटावर हात धरला, जरा वाकलीसुद्धा. चेहरा इतका खरा, की झुंबरबाई कळवळून म्हणाली, "अगं माझे बाई! घरी जाऊन ववा खा जा."

वाकल्या वाकल्या विद्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून अज्जाकडं पाहिलं.

आप्पांचं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. "झुंबरबाई," ते म्हणाले, "तिच्या पोटात काय दुखत न्हाय. ती शाळंत जात न्हाय. इंग्रजी शाळा-बिळा काय न्हाय, मी खोटं सांगितलतं गावाला. अन् हे असलं बोलायला पण मीच शिकवलंय तिला. आजपासनं घरी शिकणार हाय ती."

झुंबरबाईनं किटली खाली ठेवली. त्यांच्याकडं आणि पोरीकडं आळीपाळीनं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे आमच्या तेजस्वीनं घरी बसलं की ते पाप," ती म्हणाली, "अन् तुमच्या नातीनं बसलं की शिक्षण?"

"तसं न्हवं... तिला घरात शिकवायला माणसं हायती, म्हणून..."

"व्हय. आमच्यात कुठली आली माणसं?" ती हसली नाही, रागावलीही नाही. "तेजस्वी जाईल की शाळंला. तुमच्यामुळंच जाती ती. मी काय तिला काढत न्हाय." किटली उचलून ती चालू लागली.

आप्पा चौकातच उभे राहिले. जे घडलं ते सांगून झालं होतं, तरी हलकं काहीच वाटत नव्हतं. चौक सगळा जागेवर होता, वडापच्या जीप प्रवाशांनी भरत होत्या, पोरं शाळेकडं पळत होती. शेजारी विद्यानं पोटावरचा हात काढून घेतला होता. तिची मान खाली गेली होती.

"मी बरोबर सांगितलं हुतं," ती पुटपुटली. "तुम्हीच मला खोटं पाडलासा."

"चुकलं माझं."

"मग आता कुणी विचारलं की काय सांगायचं?"

"मी घरी शिकतो, असं सांगायचं."

विद्यानं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मी घरी शिकतो. मग पुन्हा एकदा, जरा वेगळ्या आवाजात, बिल्ल्याचं, शाळेच्या नावाचं उत्तर जसं पाठ केलं होतं अगदी तसं. आणि मग मान वर करून तिनं विचारलं, "अज्जा, हे खरं हाय न्हवं?"